आकाशातील राखीव अर्धा तास

आषाढातील संध्याकाळ असते. दिल्लीहून मुंबईस निघालेल्या विमानात पट्टे बांधण्याची सूचना होऊन गेलेली असते. कोणाला रात्रीच भिवंडीच्या गोदामात उतरणारा माल ताब्यात घ्यायचा असतो, कोणाला दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी घर गाठायचे असते. इतक्यात वैमानिकाचा आवाज येतो. मुंबईवर जोराचा पाऊस आहे, विमानांची रांग लागली आहे, उतरण्यास सुमारे पंचवीस मिनिटे उशीर होईल. त्यानंतर विमान ढगांच्या वर घिरट्या घालू लागते. खिडकीतून एकदा मावळतीचा उजेड दिसतो, एकदा अंधारलेले पूर्वेचे आकाश दिसते आणि प्रवाशांची कुजबुज वाढत जाते.

त्या कुजबुजीत एक प्रश्न हमखास असतो. विमानात इंधन पुरेसे असेल ना?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर केवळ टाकीतील साठ्यावर अवलंबून नसते. विमान जमिनीवर असतानाच घातलेला हिशेब, आकाशात मिनिटामिनिटाला घ्यावा लागणारा निर्णय आणि वेळ कमी पडत असल्याचे योग्य क्षणी स्पष्ट शब्दांत सांगण्याची तयारी या तिन्ही गोष्टी त्या उत्तरात येतात. गेल्या काही दशकांतील इंधन संपून झालेले अपघात तपासले, तर अनेकदा तिसरीच गोष्ट उणी पडल्याचे दिसते.

निघण्यापूर्वीचा ताळेबंद

विमानाचे इंधन लिटरवर मोजले तरी हिशेब किलोत ठेवला जातो. उष्णतेने इंधन प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते, त्यामुळे त्याचे आकारमान बदलते. इंजिनाला मिळणारी शक्ती मात्र वजनावर अवलंबून असते. एक लिटर इंधन साधारण ०.८ किलो भरते.

उड्डाणापूर्वी हे इंधन निरनिराळ्या खात्यांत मांडले जाते. पहिले खाते जमिनीवरचे. इंजिन सुरू करून विमान धावपट्टीपर्यंत नेण्यास जे लागते ते. दुसरे प्रत्यक्ष प्रवासाचे. तिसरे अनपेक्षित खर्चाचे. समोरून अंदाजापेक्षा जोराचा वारा आला, ढगांना वळसा घालावा लागला किंवा हवी ती उंची मिळाली नाही, तर वाढणारा खर्च यातून भागतो. प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्के हे त्याचे रूढ प्रमाण आहे. चौथे खाते पर्यायी विमानतळाचे. मुंबईस उतरणे अशक्य झाल्यास अहमदाबाद किंवा अन्य ठरलेल्या ठिकाणी पोहोचता येईल इतके इंधन त्यात असते. पाचवे आणि अखेरचे खाते अंतिम राखीव साठ्याचे. जेट विमानासाठी आंतरराष्ट्रीय नियम असा, की विमानतळाच्या वर १५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन या खात्यात असलेच पाहिजे.

ढोबळ उदाहरण घेतले तर चित्र स्पष्ट होते. एअरबस ए-३२० जातीचे विमान दिल्लीहून मुंबईस येण्यास साडेचार ते पाच टन इंधन जाळते. अनपेक्षित खर्चासाठी त्याच्या पाच टक्के, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे किलो, राखले जातात. मुंबईहून अहमदाबादेस वळण्यास सुमारे दोन टन धरावे लागतात. अखेरचा अर्धा तास म्हणजे अकराशे ते बाराशे किलो. जमिनीवरचा खर्च मिळवून हे विमान आठ टनांच्या आसपास इंधन घेऊन निघते. यापेक्षा अधिक हवे असल्यास ते मागण्याचा अधिकार मुख्य वैमानिकाचा. मुंबईवर ढग जमल्याचे हवामानपत्रात दिसले, तर जाणता वैमानिक कागदावरच्या किमान आकड्यावर थांबत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या घिरट्यांची तरतूद वेगळी करून घेतो.

या खात्यांत पाचव्याचे स्थान निराळे आहे. पहिली चार खाती गरजेप्रमाणे खर्चण्यासाठी आहेत. पाचवे मात्र विमान उतरून थांबले तरी शाबूत राहावे, अशाच बेताने सारे नियोजन करायचे असते. जुन्या पेढ्यांवर गंगाजळी म्हणून जी रक्कम बाजूला काढलेली असे, ती रोजच्या देण्याघेण्यात कोणी धरीत नसे. या अर्ध्या तासाकडे वैमानिक त्याच दृष्टीने पाहतात.

मग टाकी काठोकाठ का भरीत नाहीत?

व्यापारी माणसाच्या मनात येथे स्वाभाविक शंका येते. धोका एवढा मोठा असेल, तर दरवेळी टाकी पूर्ण भरून का निघू नये?

कारण इंधन वाहून नेण्यासही इंधन लागते. लांबच्या प्रवासात जादा घेतलेल्या इंधनापैकी दर ताशी तीन ते चार टक्के भाग त्या जादा वजनापायीच जळतो. म्हणजे दहा तासांच्या प्रवासात एक टन अधिक घेतले, तर मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यातले तीन-चारशे किलो वाटेतच संपतात. शिवाय विमानाच्या वजनाला उड्डाणाच्या वेळी जशी मर्यादा असते, तशीच उतरण्याच्या वेळीही असते. जवळच्या प्रवासास टाकी काठोकाठ भरून निघाले, तर विमान मुक्कामी उतरण्यास अनुज्ञेय असलेल्या वजनाहून जड राहू शकते. ओल्या धावपट्टीवर जड विमान थांबवण्यास अंतरही अधिक लागते.

याच्या उलट हिशेबही चालतो. भारतात विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावरील मूल्यवर्धित कर राज्यागणिक वेगवेगळा आहे. त्यामुळे जेथे इंधन स्वस्त तेथेच परतीच्या प्रवासाचेही भरून घेणे काही मार्गांवर परवडते. वाहून नेण्याचा खर्च आणि दरातील फरक यांची वजाबाकी करून ते ठरते. सारांश, विमान कंपनीच्या नफ्या-तोट्यात इंधन हा मोठा आकडा असतो आणि तो कमी करण्याचा प्रयत्न गैर नाही. काटकसर पहिल्या चार खात्यांच्या मर्यादेत राहिली, तर ती व्यवहारचातुर्य ठरते. तिचा हात पाचव्या खात्यापर्यंत पोहोचला, की ती जीवघेणी होते.

घिरट्या आणि हातून निसटणारा पर्याय

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत; व्यवहारात एका वेळी एकीवरच सारा भार पडतो. जुलै २०१९ मध्ये भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन रुतले, तेव्हा ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि अनेक विमानांना अन्य शहरांकडे वळावे लागले. एरवीही पावसाची जोरदार सर आली आणि दृश्यमानता घटली, की दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागते. मग मागून येणाऱ्यांना आकाशातच थांबवण्यावाचून गत्यंतर नसते.

हे थांबणे म्हणजे लांबट वर्तुळात फिरत राहणे. एका फेरीस साधारण चार मिनिटे लागतात. ए-३२० विमान तेवढ्या वेळात दीडशे किलोंच्या आसपास इंधन जाळते. त्यामुळे घिरट्या सुरू होण्याआधीच वैमानिक एक आकडा कागदावर मांडून ठेवतात. टाकीत इतके किलो उरले, की थांबणे संपले. त्या क्षणी पर्यायी विमानतळाची वाट धरायची. हा आकडा पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि अंतिम अर्धा तास यांची बेरीज असतो.

आकडा मांडणे सोपे, पाळणे अवघड. नियंत्रण कक्षाकडून निरोप येतो, आणखी दहा मिनिटे. ती संपतात आणि पुन्हा दहा मिनिटांचा निरोप येतो. खाली मुंबई ढगांच्या फटीतून दिसत असते. दीडशे प्रवाशांना आपल्याच गावी उतरायचे असते. आणखी एकच फेरी, एवढ्यात नंबर लागेलच, असे वाटत राहते. या मोहात पर्यायी विमानतळ हळूहळू आवाक्याबाहेर जातो. तो गेल्याची घंटा वाजत नाही. इंधनाचा काटा थोडा आणखी खाली सरकतो, एवढेच.

न्यूयॉर्क, २५ जानेवारी १९९०

हे कसे घडते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण कोलंबियाच्या आव्हिआंका कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या उड्डाणाचे आहे. बोइंग ७०७ जातीचे हे विमान बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघाले होते. विमानात १५८ माणसे होती. मेडेयीनहून उडताना इंधन प्रवासाला पुरून उरेल इतके होते.

त्या रात्री न्यूयॉर्कवर धुके आणि वादळी वारा होता. विमानांची रांग लागली होती. या विमानास वाटेत तीन ठिकाणी थांबवण्यात आले. पहिल्यांदा १९ मिनिटे, दुसऱ्यांदा २९ आणि तिसऱ्यांदा पुन्हा २९ मिनिटे. एकूण १ तास १७ मिनिटे. तिसऱ्या ठिकाणी नियंत्रकाने आणखी विलंब होणार असल्याचे सांगितले, तेव्हा सहवैमानिकाने आपल्याला प्राधान्य हवे असल्याचे कळवले. आणखी किती वेळ थांबता येईल, असे विचारल्यावर त्याने सुमारे पाच मिनिटे असे उत्तर दिले. पर्यायी विमानतळ कोणता, या प्रश्नावर बोस्टनचे नाव घेऊन त्याने पुढे सांगितले, की आता तेथे जाता येणार नाही, इंधन संपेल.

बोस्टनचा पर्याय तोपर्यंत हातून गेला होता. ही माहिती पुढच्या नियंत्रकापर्यंत पोहोचली नाही. विमान सोडण्यात आले, पण इतर विमानांसारखेच रांगेत.

धावपट्टीकडे उतरताना विमान वाऱ्याच्या झोतात सापडले, ठरलेल्या उतारापेक्षा खाली गेले आणि धावपट्टी दिसेना. वैमानिकांना उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे लागले. मुख्य वैमानिक रेडिओवरील इंग्रजी संभाषणासाठी सहवैमानिकावर अवलंबून होता. आणीबाणी असल्याचे सांग, असे त्याने सहवैमानिकास सांगितले. सहवैमानिकाने नियंत्रकाची सूचना उच्चारून पोच दिली आणि तिच्या शेवटी इंधन संपत आल्याचे जोडले. आणीबाणी हा शब्द त्याने उच्चारला नाही. नियंत्रकाने विमानास सुमारे पंधरा मैलांचा वळसा देऊन पुन्हा आणण्याचा बेत सांगितला आणि तुमच्या इंधनाच्या दृष्टीने हे चालेल का, असेही विचारले. सहवैमानिकाने चालेल असे सांगून आभार मानले.

त्यानंतर काही मिनिटांतच एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. रात्री ९ वाजून ३४ मिनिटांनी विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथील टेकडीवर कोसळले. ७३ जण मृत्युमुखी पडले; ८५ वाचले. अवशेषांना आग लागली नाही, कारण जळण्यासारखे इंधन विमानात उरलेच नव्हते.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती वैमानिकांनी इंधनाचे नियोजन नीट न केल्याचे आणि इंधन संपण्यापूर्वी आणीबाणी जाहीर न केल्याचे कारण नोंदवले. कंपनीच्या उड्डाण नियोजन कक्षाची मदत त्यांनी घेतली नाही, विमानांच्या गर्दीचे व्यवस्थापन अपुरे होते आणि किमान इंधनाची स्थिती सांगण्यासाठी सर्वांना सारखाच कळेल असा ठरीव शब्द नव्हता, हेही मंडळाने नमूद केले.

सहवैमानिकाच्या मनात प्राधान्य या शब्दाला जो अर्थ होता, तो नियंत्रकाच्या मनात नव्हता. एकाच्या दृष्टीने ती जीव वाचवण्याची हाक होती; दुसऱ्याच्या दृष्टीने गर्दीच्या रात्री अनेकांनी केलेल्या विनंत्यांपैकी एक. त्यातच संकोचाची भर पडली असावी. आपली अडचण परक्यांसमोर, परक्या भाषेत, ठणकावून सांगणे सोपे नसते. बाजारात हा अनुभव नवा नाही. हातातील रोकड आटत चालल्याचे जो व्यापारी मुदतीच्या महिनाभर आधी सावकाराला सांगतो, त्याला मुदत वाढवून मिळू शकते. पत जाईल या भीतीने शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसणाऱ्याला मदत करण्याची इच्छा असलेल्यालाही काही करता येत नाही.

सांगणारा आणि ऐकणारा

संकोच केवळ विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यामध्येच असतो असे नाही. तो विमानाच्या कक्षातही असतो. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान अमेरिकेतील पोर्टलंड येथे उतरत असताना चाके खाली येण्यात बिघाडाची शंका आली. मुख्य वैमानिकाने सुमारे तासभर विमान शहराजवळ फिरवत ठेवले. बिघाडाची तपासणी आणि प्रवाशांना संभाव्य धक्क्यासाठी सज्ज करणे यांत त्याचे सारे लक्ष गुंतले. इंधन झपाट्याने घटत असल्याचे सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते. पण त्यांनी ते सूचकपणे सांगितले आणि ते मुख्य वैमानिकाच्या मनावर ठसले नाही. इंजिने बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडे वस्तीत कोसळले. १८९ पैकी १० जण दगावले.

चाकांचा बिघाड जीवघेणा नव्हता. त्याकडे पाहता पाहता निसटलेला वेळ जीवघेणा ठरला. या अपघातानंतर विमान चालवण्याच्या शिक्षणाची दिशाच बदलली. १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी सहकार्याचे विशेष प्रशिक्षण सुरू केले आणि पुढे जगभरातील कंपन्यांनी त्याचा स्वीकार केला. कनिष्ठाने धोका दिसताच तो आकड्यानिशी व नि:संदिग्धपणे सांगावा, वरिष्ठाने तो मान राखून ऐकावा आणि उत्तर द्यावे, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. घरात वा पेढीवर वडीलधाऱ्यांपुढे बोलताना जी मर्यादा शोभते, ती विमानाच्या कक्षात इंधनाचा आकडा सांगताना आड येऊ नये, असा त्याचा अर्थ.

दोन ठरीव घोषणा

आज आंतरराष्ट्रीय नियमांत या संवादासाठी दोन पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत.

पहिली घोषणा 'मिनिमम फ्युएल'. विमान आता अमुक एका विमानतळावरच उतरण्यास बांधले गेले आहे आणि आणखी विलंब झाल्यास अंतिम अर्ध्या तासाला हात लागू शकतो, असे दिसताच वैमानिकाने ती करायची असते. ही आणीबाणी नव्हे. रांगेत पुढचा क्रमांक मिळण्याचा हक्क तिने मिळत नाही. परंतु या विमानाकडे आता सवड उरलेली नाही, हे नियंत्रकाला कळते आणि तो त्याप्रमाणे पुढची आखणी करतो.

दुसरी घोषणा 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल'. जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरेपर्यंत टाकीत अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमी इंधन उरणार, असा हिशेब निघाला, की ही घोषणा करणे बंधनकारक आहे. यानंतर नियंत्रक इतर विमाने बाजूला करून त्या विमानाला वाट मोकळी करून देतो.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. टाकी रिकामी होण्याची वाट पाहून आणीबाणी जाहीर करायची नसते. अर्ध्या तासाचा साठा अजून शाबूत असतानाच, तो पुढे कमी पडेल एवढे दिसले तरी घोषणा करायची असते. मदत उपयोगी पडावी इतका वेळ हाती असतानाच ती मागितली जावी, यासाठी रेषा इतक्या वर आखलेली आहे.

जेव्हा मालकच वैमानिक होता

नियम स्पष्ट असूनही माणसाचा मोह संपत नाही. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी लामिया या बोलिव्हियातील लहान कंपनीचे विमान ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला अंतिम सामन्यासाठी सांताक्रूझहून मेडेयीनला घेऊन चालले होते. ज्या मेडेयीनहून १९९० चे ते विमान निघाले होते, तेच हे शहर. उड्डाणाच्या आराखड्यात प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटे लिहिला होता. विमानातील इंधन किती वेळ पुरेल, या रकान्यातही ४ तास २२ मिनिटेच लिहिलेले होते. म्हणजे पर्यायी विमानतळाचे खाते कोरे, अनपेक्षित खर्चाचे कोरे आणि अंतिम अर्ध्या तासाचेही कोरे. वाटेत उतरून इंधन घेता आले असते. ते घेतले नाही.

मेडेयीनजवळ पोहोचल्यावर दुसऱ्या एका विमानाला अडचणीमुळे आधी उतरण्याची परवानगी मिळाली आणि या विमानास घिरट्या घालाव्या लागल्या. असा काही मिनिटांचा विलंब कोणत्याही विमानतळावर रोज होतो. या विमानाकडे तेवढीही शिल्लक नव्हती. कमी इंधनाचा इशारा बराच आधी मिळूनही वैमानिकांनी नियंत्रकाला खरी स्थिती उशिरा कळवली. विमान डोंगरावर आदळले. ७७ पैकी ७१ जणांचा अंत झाला, त्यांत संघातील बहुतेक खेळाडू होते.

या विमानाचा मुख्य वैमानिक कंपनीचा भागीदारही होता. वाटेत उतरून इंधन घेण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या मनात त्या रात्री काय चालले होते, हे सांगण्यास तो राहिला नाही. परंतु खर्च वाचवण्यात ज्याचा लाभ आहे आणि धोका ओळखून थांबण्याची जबाबदारीही ज्याच्यावर आहे, तो एकच माणूस असला, तर त्याला अडवणारे दुसरे कोणी असावे लागते. मोठ्या विमान कंपन्यांत उड्डाणाचा आराखडा आखणारा जमिनीवरचा अधिकारी आणि तो आराखडा स्वीकारणारा वैमानिक या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, याचे महत्त्व येथे कळते.

आपल्याकडील एक रात्र

भारतातही अशी वेळ आलेली आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजी पहाटे दोह्याहून कोचीस आलेल्या विमानाला खराब दृश्यमानतेमुळे तेथे तीन वेळा उतरण्याचा प्रयत्न सोडावा लागला. विमान तिरुवनंतपुरमकडे वळले, पण तेथेही धावपट्टी दिसेना. एकूण सातव्या प्रयत्नात विमान कसेबसे उतरले, तेव्हा टाकीत सुमारे साडेतीनशे किलो इंधन उरले होते. ज्या साठ्याला हात लागू नये, त्यातलाही मोठा भाग जळून गेला होता. दीडशे जीव सुखरूप राहिले. मात्र पहिल्या शहरात केलेल्या प्रत्येक जादा प्रयत्नाने दुसऱ्या शहरातील संधी कशी आक्रसत जाते, याचा तो धडा होता.

म्हणूनच आषाढातील त्या संध्याकाळी मुंबईवर फिरणारे विमान पाचव्या-सहाव्या फेरीनंतर एकाएकी वळते आणि वैमानिक अहमदाबादेस जात असल्याचे सांगतो, तेव्हा प्रवाशांना ती गैरसोय वाटली तरी आतमध्ये एक शिस्त पाळली गेलेली असते. ठरवून ठेवलेला आकडा आला आणि वैमानिकाने मोह बाजूला सारला. गोदामातील माल उद्या उतरेल, साखरपुड्याला पाहुणा तासभर उशिरा पोहोचेल. अहमदाबादेस विमान पुन्हा इंधन घेईल, पाऊस ओसरल्यावर मुंबईकडे निघेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या धावपट्टीवर उतरेल.

सामान घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येते, की अहमदाबादेस टेकलेल्या त्या विमानाच्या टाकीत अकराशे-बाराशे किलो इंधन तसेच शिल्लक होते. त्या अर्ध्या तासाला कोणी हात लावला नव्हता.